राजा गेला, पदक राहिले

निळ्या मिन्याचा क्रूस आणि त्याच्या भुजांमध्ये सोनेरी गरुड. वरच्या भुजेवर मुकुट आणि फ्रेडरिकचा ‘एफ’. बाकीच्या तीन भुजांवर ‘पूर ल मेरीत’ ही अक्षरे इतकी दाटीने बसवलेली, की ‘मेरीत’ हा शब्द दोन भुजांत तुटतो. अर्थ ‘गुणवत्तेसाठी’. पदक प्रशियाचे, शब्द मात्र फ्रेंच, कारण १७४० मध्ये गादीवर येताच हा सन्मान सुरू करणाऱ्या दुसऱ्या फ्रेडरिकच्या दरबारात फ्रेंचच चाले.

तेव्हा देणारा राजा आणि काढून घेणाराही राजाच. व्हॉल्तेअरला ते मिळाले. पुढे दोघांचे बिनसले आणि १७५३ मध्ये फ्रांकफुर्टमध्ये राजाच्या माणसांनी त्याला अडवून ते परत घेतले. नेपोलियनच्या धामधुमीत, १८१० मध्ये, तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमने ते केवळ रणांगणावरच्या पराक्रमासाठी राखून ठेवले.

खरे वळण आले ३१ मे १८४२ रोजी. चौथ्या फ्रेडरिक विल्यमने विज्ञान आणि कलांसाठी वेगळा वर्ग काढला. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट त्याचे पहिले चान्सलर. जर्मन सदस्य तीसच. त्यांतला एखादा वारला, की उरलेल्यांनी मतदान करायचे आणि राजाने त्यावर शिक्कामोर्तब करायचे. गाउस, याकोब ग्रिम, मेंडेल्सझोन पहिल्याच यादीत होते. परदेशी मानकऱ्यांत फॅरेडे. १८७४ मध्ये हा मान मॅक्सम्युलरना मिळाला. त्यांनी संपादलेल्या ऋग्वेदाचा शेवटचा खंडही त्याच वर्षीचा. पुण्या-मुंबईतल्या मॅक्सम्युलर भवनांना ज्यांचे नाव आहे, ते हेच.

पहिल्या महायुद्धात लष्करी क्रूस वैमानिकांच्या गळ्यात झळकला. जानेवारी १९१६ मध्ये बोएल्के आणि इमेलमान यांना तो एकाच दिवशी मिळाला. नोव्हेंबर १९१८ मध्ये कैसर (प्रशियाचा राजाही तोच) पायउतार झाला आणि लष्करी वर्ग संपला.

विद्वान-कलावंतांचा वर्ग मात्र तगला. निवड मुळातच सदस्यांच्या हाती होती, म्हणून राजाविना तो स्वतंत्र मंडळ होऊन उभा राहिला. १९२९ मध्ये चित्रकार केटे कोलवित्स यांच्या रूपाने पहिली स्त्री आत आली. नाझींनी नव्या निवडी थांबवल्या. सदस्य असलेले आइनस्टाइन १९३३ मध्ये बाहेर पडले. १९५२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी मंडळ पुन्हा उभे केले. त्याआधी त्यांनी आइनस्टाइनना परत बोलावले होते. आइनस्टाइननी नकार दिला.

पाच वर्षांनी, १९५७ मध्ये, सदस्यांनी लीझे माइटनर यांना निवडले. ज्यू वंशाच्या म्हणून १९३८ मध्ये बर्लिनमधून पळून जावे लागलेल्या या भौतिकशास्त्रज्ञ बाईंनी हा मान स्वीकारला.