खुर्चीचे पाय कुणी कातावेत?

लाकडी खुर्च्या-टेबलांचा आमचा छोटा कारखाना आहे. गेल्या पावसाळ्यापासून घरात एकच वाद चालू होता: खुर्च्यांचे कातीव पाय स्वतः करायचे की बाहेरच्या कातारीकडून करून घ्यायचे? धाकट्या भावाचा हिशेब सरळ होता. लेथ, त्यावरचा माणूस आणि जाणारा वेळ धरला तर तयार पाय स्वस्त पडतात. वडिलांचा प्रश्न त्याहून सरळ होता: “पाय दुसऱ्याचे, मग खुर्ची आपली कशी रे?” दोघांनाही उत्तर देता येईना, म्हणून मी जुन्या नोंदी चाळू लागलो. कारण इंग्लंडमधल्या एका गावाचा सगळा धंदाच या प्रश्नाच्या उत्तरावर उभा राहिला होता.

लंडनच्या वायव्येला, चिल्टर्न टेकड्यांमध्ये हाय विकम हे गाव आहे. १९व्या शतकाच्या आरंभी तेथे खुर्च्यांचे कारखाने उभे राहू लागले. १८७५च्या सुमारास गावात दिवसाला ४,७०० खुर्च्या तयार होत, असा अंदाज नेहमी दिला जातो. यांतले बरेचसे पाय मात्र गावात नव्हे, तर भोवतालच्या बीच वृक्षांच्या रानात कातले जात. ते कातणाऱ्यांना पुढे ‘बॉजर’ हे नाव पडले.

बॉजर रानातली उभी झाडे विकत घेई आणि तेथेच खोपट घालून काम करी. पाचरीने ओंडके फाडायचे, कुऱ्हाडीने व दुमुठी पात्याने आकार द्यायचा आणि ओले लाकूडच लेथवर चढवायचे. हा लेथ म्हणजे डोक्यावर एक लवचीक खांब, त्याला बांधलेली दोरी आणि खाली पावटी. पाय दाबला की दोरीचा वेढा लाकूड फिरवी, सोडला की खांब ते उलटे फिरवी. म्हणजे पटाशी निम्माच वेळ चाले. तयार पाय हवेशीर रचून वाळवायचे आणि ग्रोसच्या हिशेबाने गावातल्या कारखान्याला विकायचे.

कारखानदारांना हे परवडण्याचे पहिले कारण वाहतुकीचे. झाड गावात आणायचे तर सालीसकट, पाण्यासकट, वाया जाणाऱ्या ढलप्यांसकट ओढावे लागे; पाय आणले की कामाचे तेवढेच लाकूड येई. दुसरे कारण मालाच्या प्रतीचे. करवतीने कापलेल्या लाकडात रेषा मध्येच तुटू शकते. पाचरीने फाडलेले लाकूड रेषेनेच फुटते, म्हणून बारीक पायही दणकट होतो. तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: खुर्चीची रचना. इतर अनेक खुर्च्यांत मागचा पायच वर जाऊन पाठ होतो. विकमच्या ‘विंडसर’ खुर्चीत पाय खालून आणि पाठ वरून, दोन्ही एकाच जाड बैठकीत ठोकतात. पाय सुटा निघू शकतो, म्हणूनच तो बाहेर देता आला.

मग कारखान्याने स्वतःकडे काय ठेवले? एल्मच्या फळीची बैठक वाकसाने खोलगट करणे आणि सगळी जोडणी. ओल्या लाकडाचा गोल पाय वाळताना लंबगोल होतो. म्हणून त्याचे टोक जाडसर ठेवत आणि वाळल्यावर कारखान्यात बैठकीच्या भोकाशी बेताने जुळवत. पाय कुणीही कातो, तो डुगडुगणार की नाही हे या सांध्यावर ठरे.

याच काळात मिखाएल थोनेटने उलट निर्णय घेतला. त्याचेही लाकूड बीचच. पण वाफेने लाकूड वाकवण्याची कृती हेच त्याचे भांडवल होते, आणि १८५६ साली त्याला तिचे विशेषाधिकार मिळाले. ती बाहेर देणे शक्य नव्हते. म्हणून त्याने मोराव्हियातल्या कोरिचानी येथे बीचच्या रानाजवळच कारखाना नेला. १८५९च्या त्याच्या १४ क्रमांकाच्या खुर्चीचे भाग अवघे सहा. ती सुटी करून पाठवता येई, एक घनमीटर खोक्यात ३६ खुर्च्या मावत. विकमने पाय बाहेर दिले, थोनेटने लाकूड वाकवणे बाहेर दिले नाही. पण धंद्याचा जीव ज्या कामात होता, ते काम दोघांनीही हातचे सोडले नाही.

विकमच्या हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. झाडांचे पैसे बॉजर आधी मोजी, मोबदला मात्र नगावर. लाकूड खराब निघाले, मागणी घटली, तर तोटा त्याचा. कारखान्यांत वाफेवरचे लेथ आले, तरी हे लोक टिकले. अखेरचे काही बॉजर १९५०च्या दशकापर्यंत कातत होते. त्यांचा स्वस्तपणा हा केवळ कौशल्याचा नव्हता; धंद्यातली जोखीमही त्यांच्या पाठीवर होती.

आम्ही पाय बाहेर द्यायचे ठरवले. पण लाकूड आम्ही पुरवणार, वाळवणे आमच्याकडे, आणि पाय बैठकीत बसवण्याचे काम वडिलांच्या हाताखाली. कातारीच्या मजुरीत लाकडाचा धोका धरायचा नाही, हेही ठरले. भावाच्या हिशेबातली बचत त्यामुळे जवळजवळ निम्म्यावर आली. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी वडिलांनी बाहेरून आलेला पहिला पाय बोटांनी फिरवून पाहिला आणि म्हणाले, “हात चांगला आहे. भोक मी पाडतो.”