जावास्क्रिप्ट : रचनेचे गुणदोष

जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये, आणि आता सर्व्हरवरही, चालणारी स्क्रिप्टभाषा असून ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत तिचे पहिले रूप अवघ्या दहा दिवसांत उभे केले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या माहिती तंत्रज्ञान विषयात ती शिकवली जाते, त्यामुळे तिची पारख मराठी मजकुरावर होणेही अगत्याचे आहे.

तिचे खरे बळ फंक्शनच्या कल्पनेत आहे. फंक्शन, म्हणजे नाव देऊन एकत्र बांधलेल्या आज्ञा, हे संख्येसारखेच एक मूल्य मानल्याने ते चलात साठवता येते किंवा दुसऱ्या फंक्शनच्या हाती सोपवता येते, आणि बटण दाबल्यावर काय करायचे हे आधीच सांगून ठेवता येते.

मूल्याचा प्रकार परस्पर बदलण्याची सवय हा मात्र तिचा गंभीर दोष होय. उदाहरणार्थ, परभणी जिल्ह्यातील येलदरी जलविद्युत केंद्रात ७.५ मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यांची क्षमता फॉर्मच्या तीन चौकटींत इंग्रजी आकड्यांत भरून बेरीज केली, तर फॉर्ममधून येणारे मूल्य मजकूर असल्याने उत्तर २२.५ न येता ‘७.५७.५७.५’ असे येते. याउलट एका चौकटीतील मजकुराला तीनने गुणले, तर उत्तर बिनचूक मिळते. अशी विसंगती दुरुस्त केली तर जुनी संकेतस्थळे बंद पडतील, म्हणून ती तशीच ठेवावी लागते. तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हांच्या सैल पद्धतीशेजारी तीन चिन्हांची काटेकोर पद्धत नांदते, ती याच कारणाने.

मराठीच्या बाबतीत उणीव आणखी स्पष्ट होते. ‘येलदरी’ या शब्दाची लांबी ही भाषा सहा सांगते, कारण ती अक्षरांऐवजी युनिकोडची साठवण-एकके मोजते आणि मात्रा व वेलांटी वेगळी धरते. एककांच्या क्रमाने शब्द उलटा केल्यास ‘ये’ची मात्रा ‘ल’वर जाऊन बसते. पुढे जोडलेली सेगमेंटर ही सुविधा चार अक्षरे अचूक ओळखते, पण ती मुद्दाम वापरावी लागते. आकड्यांचेही तसेच आहे : मराठी पद्धत निवडल्यास ही भाषा संख्या देवनागरी अंकांत, लाख-कोटींच्या स्वल्पविरामांसह दाखवते, मात्र वापरकर्त्याने देवनागरीत भरलेला ‘७.५’ तिला संख्या म्हणून वाचता येत नाही, आणि ते रूपांतर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाच करावे लागते.