विसरलेलं वाया जात नाही

शिकलेलं किती टिकतं, हे प्रयोगानं मोजायला सुरुवात केली ती जर्मनीच्या हेर्मान एबिंगहाउस यांनी. पुढे ते ब्रेस्लाउला प्राध्यापक झाले. १८८५ साली त्यांचं स्मृतीवरचं पुस्तक निघालं. प्रयोग केले स्वतःवरच. सुमारे २३०० निरर्थक अक्षरगट बनवून त्यांच्या माळा ते घोकत. दुसऱ्या दिवशी माळ पुरती म्हणता येत नसे. पण पुन्हा पाठ करताना सुमारे एक तृतीयांश श्रम वाचत. म्हणजे विसरलेलंही मागे काही ठेवून जातं!

मग त्यांनी बायरनच्या ‘डॉन जुआन’मधली कडवी पाठ केली. तेवढ्याच लांबीच्या निरर्थक माळेपेक्षा श्रम जेमतेम एक दशांश. अर्थ, लय, यमक मदतीला आले होते. मला, कवीला, याचं नवल नाही. मुलांना आधी अर्थ सांगा, चाल द्या. ती विसरली तर रागावू नका; पुन्हा म्हणून घ्या.