मिलिंद नावाचा ग्रीक

तुमच्या ओळखीत एक तरी मिलिंद असणारच. एखादा काका, बँकेतले साहेब, शाळेतले गणिताचे सर. हे परदेशी नाव तुम्हाला कुणी ठेवलं, असं त्यांना आजवर कुणी विचारलं नसेल. पण मिलिंद हे एका ग्रीक राजाचं नाव आहे.

मी या शोधाला लागले ते घरातल्या वादामुळे. भावाला मुलगी झाली. बारसं वाशीमला करायचं ठरलं, आणि आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा. दादा-वहिनी दोघांनाही ग्रीक पुराणकथांचं वेड. त्यांनी फॅमिली ग्रुपवर तीन नावं टाकली: अथेना, आयरिस, रिया. मी आजीला वाचून दाखवली. पहिल्याच नावाला ती म्हणाली, "आठाना? मंग दुसरी झाली त चाराना ठेवसान का?" बाबा मात्र हसले नाहीत. "आपल्या मातीतलं नाव मिळत नाही का?" एवढंच म्हणाले. ग्रुपवर दोन दिवस शांतता.

मग आपल्या मातीत काय काय आहे, ते मी बघायला घेतलं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत सतरा क्रमांकाचं लेणं आहे. तिथल्या शिलालेखानुसार ते कोरवून घेणारा उत्तरेकडचा, दत्तामित्री गावचा 'योनक', म्हणजे यवन. नाव इंद्राग्निदत्त. बापाचं नाव धम्मदेव, मुलाचं धम्मरखित. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी खांब दान दिले, त्यांतल्या एकाचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. जुन्नरच्या लेण्यांत यवन चंद आहे. यवन हा शब्द आयोनियावरून आला आणि मुळात ग्रीकांसाठीच होता. पुढे पश्चिमेकडून आलेल्या इतरांनाही तो लागला. दोन हजार वर्षांपूर्वी ही माणसं सह्याद्रीत आली, स्थिरावली आणि आपल्या लेकरांना इथली नावं देऊ लागली. त्यांच्याही घरात कुणी आजोबा 'आपल्या मातीतलं नाव मिळत नाही का' म्हणून रुसले असतील का?

उलट्या दिशेचा प्रवास केला तो मिलिंदनं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पंजाबात मिनँडर नावाचा ग्रीक राजा होता. त्याच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीतलं प्राकृत. अनेक नाण्यांवर वज्र फेकणारी अथेनाही आहे, तीच आमच्या ग्रुपवरची. प्राकृतात मिनँडरचा 'मेनंद्र' झाला आणि पालीत 'मिलिंद'. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, त्यामुळे हे नाव कुणाच्या कानाला खटकलं नाही. काही घरांत ते भुंग्यावरून आलं असेल, काही घरांत राजावरून.

'मिलिंदपन्ह' या पाली ग्रंथात हा राजा नागसेन नावाच्या भिक्खूला प्रश्न विचारतो. पहिलाच प्रश्न नावाचा. भिक्खू सांगतो, मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं हाक मारण्यापुरतं. त्या नावाआड वेगळा असा कुणी 'नागसेन' सापडायचा नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन त्यालाच विचारतो: तू रथातून आलास ना? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? सगळे भाग जुळून आले की आपण त्याला रथ म्हणतो, एवढंच.

हे वाचून मला बाबांसाठी उत्तर मिळालं असं वाटलं. नाव म्हणजे नुसती सोय, कुठलंही ठेवा! पण पुढचा इतिहास वाचला आणि ते इतकं सोपं राहिलं नाही.

मनुस्मृतीनं नावांचीही उतरंड लावली आहे. ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बलवान, वैश्याचं धनाशी जोडलेलं आणि शूद्राचं किळस वाटेल असं. दगडू, कचरू ही नावं नवसाची म्हणून, दृष्ट लागू नये म्हणून सगळ्याच जातींत ठेवली जात. पण कुठल्या दगडूचा दगडूशेठ व्हायचा आणि कुठला म्हातारा होईपर्यंत दगड्याच राहायचा, हे जातीवर ठरे. मराठीत नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत एका अनुस्वाराचं अंतर आहे. कित्येकांच्या वाट्याला दुसरंच आलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं १९५० साली औरंगाबादला कॉलेज सुरू केलं. ते पुढे मिलिंद महाविद्यालय झालं आणि परिसराला नाव मिळालं नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंही तिथे आले. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि त्यानंतर घराघरांत गौतम, सिद्धार्थ, सुजाता, मिलिंद ही नावं पाळण्यात आली. आपल्या लेकराचं चांगलं नाव आपण ठेवायचं, हा हक्क त्या आईबापांनी मिळवला. मिनँडरचं ग्रीक नाव मराठी झालं, त्यात या लोकांचा वाटा फार मोठा आहे.

बाबांना वत्सगुल्माचा, म्हणजे वाकाटकांच्या जुन्या वाशीमचा, मोठा अभिमान. १९३९मध्ये वाशीमला सापडलेला विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट त्यांना माहीत आहे. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आणि पुढचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. मी म्हटलं, बाबा, आपल्या पोरांचंही असंच असतं की! शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि घरात चिंगी. नाव दोन्हीकडे चाललं पाहिजे.

शेवटी रियावर गाडी थांबली. ग्रीक रिया ही झ्यूसची आई. तुझं मूलच तुझं राज्य घेईल, या भाकितामुळे तिचा नवरा क्रोनस एकेक बाळ गिळत सुटला. तिनं झ्यूसला लपवलं आणि नवऱ्याच्या हाती दुपट्यात गुंडाळलेला दगड दिला. "ही तर देवकीची गोष्ट," बाबा म्हणाले. आपल्याकडच्या सगळ्या रिया काही ग्रीसहून आलेल्या नाहीत. पण आमची आली, आणि आजीला ती पहिल्या हाकेत जमली.

तुमच्याकडे कधी असा वाद झाला, तर नाव कुठून आलं हे जरूर शोधा. पण ते तुम्हाला हवं तसं ठेवता येतंय, यासाठी कुणाकुणाला झगडावं लागलं, तेही त्या मुलीला कधीतरी सांगा.