वेगाचे माप कोणाचे?
इंटरनेटचा वेग दिसतो भौतिक राशीसारखा, पण त्याच्या इतिहासात माणसांचे करारच जास्त सापडतात. फ्रेंच तारयंत्र-अभियंता एमिल बोदो याच्या नावावरून आलेले ‘बॉड’ सेकंदाला किती खुणा जातात एवढेच मोजते. पुढे एकेका खुणेत अनेक बिट बसू लागले आणि बॉड मागे पडले. भारतात २००४च्या धोरणाने २५६ केबीपीएसला ‘ब्रॉडबँड’ म्हटले, २०१३मध्ये ५१२ला, २०२३मध्ये २ एमबीपीएसला. तार तीच, बिरुद मात्र गेले! बिटांची मोजणी तरी वस्तुनिष्ठ आहे, असे कोणी म्हणेल. आहेच, पण कुठपासून कुठपर्यंत मोजायचे, हे माणूसच ठरवतो. शेजारच्या सर्व्हरपर्यंतचा आकडा सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरला लागू पडत नाही, आणि जाहिरातीतले ‘पर्यंत’ हे शब्दयोगी अव्यय कोणत्याच चाचणीत उमटत नाही.