कृष्णधवल फिल्म घरी धुताना : बिघडलेल्या रोलचे निदान

घरी धुतलेला रोल टाकीतून बाहेर काढावा आणि त्यावर एकही चित्र दिसू नये, हा अनुभव हौशी छायाचित्रकाराला हताश करणारा असतो. टिपलेला क्षण पुन्हा येत नाही. म्हणूनच चूक नेमकी कुठे झाली, हे कळणे महत्त्वाचे ठरते. अन्यथा पुढचा रोलही त्याच वाटेने जातो.

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) या चित्रपटाची फिल्म घरीच धुतली होती आणि त्यात पत्नी सरस्वतीबाईंचा मोठा हातभार होता. प्रक्रिया आजही तीच आहे. प्रकाश पडलेल्या चांदीच्या क्षारांचे डेव्हलपर काळ्या चांदीत रूपांतर करतो, तर उरलेले क्षार फिक्सर विरघळवून टाकतो.

आधी कड पाहावी

निदानाची सुरुवात फिल्मच्या कडेपासून करावी. तेथील आकडे आणि कंपनीचे नाव कारखान्यातच प्रकाशाने उमटवलेले असते. ते कॅमेऱ्यावर अवलंबून नसते.

* कडेचे आकडे ठळक, पण चित्रे नाहीत : रसायने निर्दोष आहेत. रोल कॅमेऱ्यात पुढे सरकला नाही किंवा शटर उघडले नाही.
* आकडेही नाहीत, फिल्म काचेसारखी स्वच्छ : डेव्हलपर निकामी झालेला होता किंवा फिक्सर आधी ओतला गेला. हा रोल वाचत नाही.
* आकडे आणि चित्रे दोन्ही फिकट : डेव्हलपर जुना, थंड किंवा वेळ अपुरा.
* आकडे ठळक, चित्रे फिकट : छायाचित्र घेताना प्रकाश कमी पडला.
* संपूर्ण फिल्म काळी : टाकीत भरण्यापूर्वी किंवा भरताना उजेड लागला.
* फिल्म दुधाळ : फिक्सर कमी पडला. ताज्या फिक्सरमध्ये पुन्हा ठेवल्यास बहुधा सुधारते.
* लहान गोल पारदर्शक ठिपके : फिल्मला हवेचे बुडबुडे चिकटले. डेव्हलपर ओतल्यावर टाकी हलकेच आपटावी.
* मोठे दुधाळ डाग : चक्रीवर फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटले.

वऱ्हाडचे ऊन

रसायनांच्या वेळा सामान्यतः २० अंश सेल्सिअससाठी दिलेल्या असतात. अमरावतीजवळच्या भातकुलीत मे महिन्यात टाकीतले पाणीच त्याहून कितीतरी गरम असते. २० अंशांना १० मिनिटे लागणारे काम २४ अंशांना सुमारे ७ मिनिटांत होते. हे लक्षात न घेतल्यास निगेटिव्ह अतिशय गडद होते. मात्र वेळ ५ मिनिटांखाली गेल्यास फिल्म सर्वत्र सारखी धुतली जात नाही, म्हणून रसायन थंड करणे अधिक श्रेयस्कर. बर्फ रसायनात कधीही टाकू नये; बर्फाच्या पाण्याने भरलेल्या घमेल्यात बाटल्या ठेवाव्यात. कोरड्या हवेत माठातील पाणीही उपयोगी पडते. डेव्हलपर, फिक्सर आणि धुण्याचे पाणी यांचे तापमान जवळपास एकच असावे. गार रसायनातून फिल्म एकदम गरम पाण्यात गेल्यास तिचा जिलेटिनचा थर सुरकुततो आणि चित्रावर जाळी उमटते. हा दोष दुरुस्त होत नाही.

खारे पाणी

भातकुली तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. येथील भूजलातील क्षार पिकांना जसे बाधतात, तसेच फिल्मलाही बाधतात. जड पाण्यात कालवलेला डेव्हलपर गढूळ होऊन साका धरतो, तर वाळलेल्या फिल्मवर पांढरे डाग उरतात. म्हणून डेव्हलपर तयार करण्यासाठी आणि शेवटच्या धुण्यासाठी डिस्टिल्ड किंवा आरओचे पाणी वापरावे. फिक्सरनंतरच्या मधल्या धुण्याला मात्र खारे पाणी निषिद्ध नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील प्रयोगांत, समुद्राच्या पाण्याने फिक्सरचे अंश गोड्या पाण्यापेक्षा लवकर निघतात, असे दिसून आले. अट एकच : त्यानंतर गोड्या पाण्याने मीठ पूर्णपणे काढून टाकावे, अन्यथा कालांतराने चित्रच खराब होते.

दोन मिनिटांची परीक्षा

रोल टाकीत घालण्यापूर्वी फिल्मच्या टोकाचा, उजेड लागलेला तुकडा डेव्हलपरमध्ये टाकावा. तो काही मिनिटांत काळा झाला नाही, तर ते द्रावण वापरू नये. दुसरा तुकडा फिक्सरमध्ये टाकून तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो, ते मोजावे. रोल त्याच्या किमान दुप्पट वेळ फिक्सरमध्ये ठेवावा. ताज्या फिक्सरच्या तुलनेत दुप्पट वेळ लागू लागल्यास फिक्सर बदलावा.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते; तो विहिरीजवळ, शेतात किंवा नाल्यात ओतू नये. बिघडलेला रोलही लगेच फेकू नये. तारीख, तापमान, वेळ आणि कोणते पाणी वापरले, याची नोंद करून तो जपून ठेवावा. पुढचा रोल वाचवण्यासाठी त्याच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही.