तक्त्यात नसलेली ओळ

मंडळी, नवा फोन घ्यायचा म्हटलं की आपण इंजिनिअर लोक पहिली गोष्ट काय करतो? एक्सेल उघडतो! एका रकान्यात अँड्रॉइड, दुसऱ्यात आयफोन, आणि खाली रॅम, कॅमेरा, बॅटरी, किंमत अशा ओळी. हे वेड नवं नाही. नव्वदच्या दशकापासून लोक खिशातल्या यंत्रांची अशीच तुलना करत आलेत. गंमत म्हणजे तक्त्यात जिंकलेलं यंत्र बाजारात सपशेल आपटलं, असंही झालंय. कारण निकाल लावणारी ओळ तक्त्यात नव्हतीच. आज त्या ओळीबद्दल थोडंसं.

सुरुवात करू १९९६ पासून. त्या वर्षी मार्चमध्ये पाम कंपनीचा पायलट १००० आला. किंमत २९९ डॉलर, मेमरी १२८ किलोबाइट. हो, किलोबाइटच! १६० बाय १६० ठिपक्यांचा पडदा, दोन छोटे सेल, आणि लिहायला एक काडी. त्याचे जनक जेफ हॉकिन्स. यंत्र बनवण्याआधी हा माणूस शर्टाच्या खिशात मावेल एवढा लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडत असे. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि त्यावर टिचक्या मारल्यासारखं करायचं. कुठलं काम किती टिचक्यांत व्हावं, याचा हिशेब पामच्या टीमने पुढेही सोडला नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने विंडोज सीई आणलं. कीबोर्ड, स्टार्ट मेनू, पॉकेट वर्ड, पॉकेट एक्सेल, एका वेळी अनेक प्रोग्रॅम... तक्ता मांडलात तर पामचा पार चेंदामेंदा! तरीही पुढची काही वर्षं मैदान पामनेच मारलं.

पाम वापरायला सोपा होता हे खरंच. पण सीईचं घोडं आणखी एका ठिकाणी पेंड खात होतं, ते म्हणजे अ‍ॅप्स. सीईच्या एका यंत्रात हिताचीचा एसएच३ प्रोसेसर, तर दुसऱ्यात मिप्स. म्हणजे तोच प्रोग्रॅम प्रत्येकासाठी वेगळा कंपाइल करा, आणि आपल्या यंत्रात कुठली चिप आहे हे गिऱ्हाइकाने शोधून काढा. याउलट पामवर सगळीकडे मोटोरोलाच्या ड्रॅगनबॉल घराण्यातलाच प्रोसेसर. एकदा लिहा, सगळ्या पामवर चालवा. १९९८ च्या पाम थ्रीपासून तर दोन यंत्रं समोरासमोर धरून इन्फ्रारेडने प्रोग्रॅम एकमेकांना देता यायचे. मग काय, नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी कोड खरडणारे हौशी लोक सरसावले आणि हजारो प्रोग्रॅम तयार झाले. अमेरिकेत औषधांची माहिती देणाऱ्या एपॉक्रेटीससाठी डॉक्टर पाम घेऊ लागले.

२००२ मध्ये पाम ओएस ५ एआरएम प्रोसेसरवर गेली, तेव्हाही जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून आत एम्युलेटर घातला होता. लिहिणाऱ्याची मेहनत फुकट जाऊ द्यायची नाही, हा त्यातला अर्थ. आणि मायक्रोसॉफ्टही शहाणी झाली होती. तिने पॉकेट पीसी २००२ साठी एकट्या एआरएमवर शिक्कामोर्तब केलं होतं.

पण पुढे पामनेच माती खाल्ली. २००३ मध्ये हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर अशा दोन कंपन्या झाल्या. २००४ साली कोबाल्ट नावाची नवी सिस्टिम तयार झाली, पण ती घातलेलं एकही यंत्र विक्रीला आलं नाही. आणि जानेवारी २००६ मध्ये पामचा ट्रिओ ७००डब्ल्यू आला तो चक्क विंडोज मोबाइल घेऊन! इतकी वर्षं पामसाठी कोड लिहिणाऱ्याने यातून काय समजायचं?

जून २००९ मध्ये पाम प्री आणि त्याची वेबओएस आली. उघडलेली अ‍ॅप्स पत्त्यांसारखी मांडायची, नको ते बोटाने वर भिरकावायचं. आज ओळखीचं वाटतंय ना? कल्पना अव्वल होती, पण जुने पाम प्रोग्रॅम त्यावर थेट चालत नव्हते, आणि नवे लिहायची साधनं सर्वांसाठी खुली झाली फोन आल्यानंतर, जुलैमध्ये. तोवर आयफोनचं अ‍ॅप स्टोअर वर्षाचं झालं होतं. २०१० मध्ये एचपीने १.२ अब्ज डॉलरला पाम घेतली, आणि ऑगस्ट २०११ मध्ये वेबओएसचे फोन आणि टॅबलेट बंद करून टाकले. टचपॅड टॅबलेट बाजारात येऊन दोन महिनेही झाले नव्हते! आता वेबओएस एलजीच्या टीव्हीत नांदते आहे.

मायक्रोसॉफ्टनेही तेच केलं. २०१० च्या विंडोज फोन ७ वर जुने विंडोज मोबाइलचे प्रोग्रॅम चालेनात. २०१२ मध्ये विंडोज फोन ८ आली, तर ती विंडोज फोन ७ च्या हँडसेटना मिळालीच नाही. दोन वर्षांत दोनदा पाटी कोरी! फोन गुळगुळीत चालायचा, नोकियाचे कॅमेरे झकास होते, पण अ‍ॅप्सचा दुष्काळ संपला नाही. ३१ डिसेंबर २०१९ नंतर व्हॉट्सअ‍ॅपनेही विंडोज फोनची साथ सोडली. धडधाकट फोन, पण खिशात ठेवून उपयोग काय?

तर तक्त्यात नसलेली ओळ ही: या यंत्रासाठी आज कुणी रात्री जागून काही लिहिलं, तर ते आणखी पाच वर्षांनी चालेल, असा त्याला भरवसा आहे का? हा भरवसा मेगापिक्सेलमध्ये मोजता येत नाही, म्हणून जाहिरातीतही येत नाही. लिहिणारा एकदा उठून गेला की मागोमाग वापरणाराही जातो.

आणि हे फक्त हरलेल्यांचं रडगाणं नाही हं. सप्टेंबर २०१७ मध्ये आयओएस ११ आली तेव्हा ३२ बिटची सगळी अ‍ॅप्स उघडायची बंद झाली. ज्यांच्या लेखकांनी ती पुन्हा बांधली नाहीत, ती पैसे मोजून घेतलेली असली तरी गेली. मोठ्या कंपन्यांची अ‍ॅप्स तगतात, बळी जातो तो एकट्या माणसाने हौसेने लिहिलेल्या खेळाचा, नाहीतर छोट्याशा डायरीचा.

म्हणून पुढच्या वेळी एक्सेल उघडाल तेव्हा कॅमेऱ्याच्या ओळीखाली दोन ओळी वाढवा. एक, या सिस्टिमने गेल्या पाच वर्षांत किती जुनी अ‍ॅप्स मोडली? दोन, माझी टिपणं, फोटो, हिशेब इथून साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येतात का? दुसरीचं उत्तर फोन विकत घ्यायच्या आधीच शोधा. सिस्टिम बंद झाल्याची बातमी आल्यावर शोधायला गेलात तर फार उशीर झालेला असतो.